अप्पांचं जुनं कुलूप

चोराच्या कष्टांवर इतकी श्रद्धा असलेला माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा नसेल. आमच्या खालच्या मजल्यावरचे अप्पा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि शुक्रवार पेठेतल्या प्रत्येक वायफायची काळजी त्यांनी आपल्या शिरावर घेतली. "चोर लई अभ्यासू असतोय," हे त्यांचं आवडतं वाक्य. आमच्याकडे सत्यनारायण होता, तर आरतीला उभं राहून, हातातली फुलं तशीच धरून त्यांनी विचारलं, "ह्या राउटरचं कुलूप जुन्या पद्धतीचं हाय व्हय? त्यात किल्ल्या थोड्याच असतात बघ. त्याच त्याच फिरून येतात. बाहेर बसून कान लावणाऱ्याला घटकाभरात ठसा मिळतोय. आधी ते बदल, आरती कुटं पळती?" मी बदललं. नैवेद्य गार झाला आणि बायको माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. अप्पांशी मात्र बोलली. कोपऱ्यावर शेंगाचटणी विकणाऱ्या मावशींना, पासवर्डात दुकानाचं नाव ठेवू नका म्हणून त्यांनी इतकं पिडलं, की त्यांना येताना पाहून मावशी राउटरवर फडकं टाकतात.

एकदा त्यांच्या घरी बसलो असताना माझ्या फोनवर दिसलं, की पेठेतलं सगळ्यात जुनं, सगळ्यात कच्चं कुलूप खुद्द अप्पांचंच. "अप्पा, दिव्याखाली अंधार," मी म्हणालो.

"लेकीनं बसवून दिलंय, परदेशी जायच्या आधी," ते म्हणाले. "तिच्या फोनात ह्येच कुलूप साठवलेलं हाय, बदललं तर तो जिन्यातच अडंल. पासवर्ड पाहुण्यांनी विचारायचा असतो. माहेरात लेकीनं न्हाय. आणि कुणाचा फोन जोडला गेला की माझा वाजतोय. तिनं बेल दाबायच्या आत दार उघडता येतंय की."

लेक परदेशी गेल्याला बरीच वर्षं झाली. तिचा फोन येतो, ती येत नाही. तो जुना फोन तर तिनं केव्हाच बदलला असणार, आणि हे अप्पांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. मला फार वाईट वाटलं. निघताना त्यांनी आपण होऊन मला पासवर्ड दिला.

आता संध्याकाळी जिना चढताना माझा फोन आपोआप जोडला जातो आणि त्यांचं दार उघडतं. अप्पा आधी माझ्या खांद्यामागे, खालच्या पायऱ्यांकडे बघतात. मग म्हणतात, "तू व्हय. ये की, चहा टाकतो."

बायको म्हणते, जिन्यात फोनचं वायफाय बंद ठेवत जा, म्हातारा उगीच आशेला लागतो. परवा बंद ठेवून पाहिलं. दार उघडलं नाही. आत भांड्याचासुद्धा आवाज नव्हता. मी दोन पायऱ्या खाली उतरलो आणि वायफाय चालू केलं.