खंड्याविरुद्धचा अर्ज

हमरापुरात गणपतीला डोळे द्यायचे ते पुतळीनेच, असं लोक म्हणायचे आणि पुतळी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. मनातून खूश असायची, कोण नसतं? वरच्या पापणीची रेघ ती एका दमात ओढायची. मध्ये कोणी शिंकलं तरी तिच्या कपाळाला आठी पडे. पडवीत डोळ्यांची आखणी चालू असली की नवरा नि पोरं घरात मांजराच्या पावलांनी वावरत.

खंड्याला मात्र हे कोण सांगणार? खंड्या शेजारच्या काळुरामचा कुत्रा. काळुराम एकटा माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. हंगामात कारखान्यांतून मूर्ती उचलण्याच्या कामाला जायचा आणि खंड्या त्याच्या मागेमागे. एकदा या बहाद्दराने गुणाजीच्या कारखान्यात शिरून ओल्या मूर्तीवरून शेपूट फिरवली. गुणाजीने आकाशपाताळ एक केलं. तेव्हापासून काळुराम त्याला कुडाशी बांधून कामाला जाऊ लागला आणि कुडाच्या अलीकडेच पुतळीची पडवी. बांधलेलं एकटं जनावर ते! सकाळी भुंकायला सुरुवात करी, ते धनी परत येईस्तोवर.

एका भुंकण्याला पुतळीचा हात हलला आणि रेघ पार कानशिलाला गेली. कोणीतरी मोदक पळवल्यासारखा चेहरा झाला देवाचा. पोरं हसली, पुतळीला रडू आलं. पुढे तसे आणखी दोन झाले. मूर्ती होत्या गुणाजीच्याच. तो म्हणाला, “पुतळीबाय, आता बिघाडली तर मी पेणवरून कुनाला तरी आनतो. माजा पन नाइलाज हाय.”

सरळ काळुरामला सांगायचं की नाही? पण तिथेच घोडं अडलं. पुराच्या साली तिच्या तापलेल्या पोराला कंबरभर पाण्यातून खांद्यावर घालून पेणच्या दवाखान्यात नेणारा हाच काळुराम. त्याच्या तोंडावर ‘तुझ्या कुत्र्याचा त्रास होतो’ कसं म्हणायचं? भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. पुतळी गेली ती थेट ग्रामपंचायतीत.

ग्रामसेविका मृणालीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “त्यांच्याशी बोललात?”

“नाय.”

“आधी बोला. नाहीच ऐकलं तर अर्ज द्या. केव्हा भुंकतो, किती वेळ, ते लिहा. आम्ही दोघांना समोरासमोर बसवू, समज देऊ, मग नोटीस. त्याउपर पोलीस ठाणं आहेच. पण कुत्र्याला मारायचं नाही, विष घालायचं नाही, लांब नेऊन सोडायचंही नाही. मालकानं टाकून देणं हासुद्धा गुन्हा आहे.”

“मी कशाला मारू त्याला? गप बसला म्हंजे झालं.” पुतळीने अर्ज लिहून पुढे सरकवला. “बोलायचं ते तुमीच बोला. माज्या तोंडातून नाय निघायचं.”

अर्ज पंचायतीतच राहिला, बातमी मात्र संध्याकाळच्या आत काळुरामच्या कानावर गेली. गावात बातमीला ना शिक्का लागतो, ना सही.

दुसरा दिवस शांत उजाडला. पुतळीने एकामागून एक डोळे आखले आणि सगळे उतरले पण कसे, अगदी जिवंत! दुपारी पाणी प्यायला उठली तेव्हा तिला कुडाशी नुसती दोरी दिसली. मग काही तिचा हात चालेना. काळुराम घरी आला तशी ती समोर जाऊन उभी राहिली.

“खंड्या कुठं हाय, दादा?”

“धरमतरला सोडून आलो पहाटचा, जेट्टीवर. मच्छीवाल्यांच्यात भेटल त्याला खायाला.”

“कोनी सांगितलं तुला सोडायला?”

“तुजा हात बिघाडतो म्हनं त्याच्यापायी.” काळुराम खाली बघत म्हणाला. “मला सांगायचं व्हतं गो. मी काय परका हाय?”

तो रागावला असता तरी पुतळीने सोसलं असतं. त्याच्या आवाजात राग नव्हताच, त्यामुळे तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “चल,” ती म्हणाली, “आत्ताच्या आत्ता.”

वाटेत गुणाजी आडवा आला. “उद्या गाडी भरायची हाय! माज्या मूर्तींचं काय?”

“मंग आन पेणवरून कोन आनायचा तो!” असं म्हणत पुतळी मिनीडोर रिक्षात चढलीसुद्धा.

धरमतरला बार्जवरून माल उतरत होता, इंजिनांचा नुसता गोंगाट. कुत्री जिथेतिथे, खंड्या कुठेच नाही. हाका मारून काळुरामचा घसा बसला. दिवस कलला तसा तो जेट्टीच्या कडेला मटकन बसला. “गेला गो. मीच घालवला.”

पुतळीने त्याचा दंड धरला. “गप. ऐक. मिठागराकडं.”

“धा कुत्री भुंकतात तिकडं.”

“तीनदा भुंकतो नि मंग रडल्यावानी लांब वढतो, तो आपला. दादा, दीड म्हैना दुसरं काय ऐकलंय मी?”

दोघं बांधावरून निघाली. पाय चिखलात रुतत होते, अंधारून येत होतं आणि मध्येच तो आवाज थांबला. उजवीकडे जावं की डावीकडे, कळेना. काळुराम जागीच उभा राहिला. तेव्हा पुतळीने पदर खोचला आणि सगळं बळ एकवटून ती ओरडली, “भुंक रे, खंड्या! भुंक! थांबू नको बाबा, भुंक!”

डाव्या हाताला, अगदी जवळ, खंड्या भुंकला.