मुठीत राहिलेली शेंग
मिठाच्या पाण्यात उकडणाऱ्या तुरीच्या शेंगांचा वास आला की मला आमचं मेडशीचं अंगण आठवतं आणि स्वतःचाच राग येतो. त्या हिवाळ्यात बाबांना लकवा मारला होता, उजवा हात मेल्यासारखा लोंबायचा. आई रोज ओल्या शेंगांची टोपली त्यांच्या मांडीवर ठेवायची आणि सोलायला लावायची, तेही उजव्याच हाताने. एकेका शेंगेला अर्धा तास लागायचा. दाणे मातीत सांडायचे, थंडीतही बाबांच्या कपाळावर घाम यायचा आणि आई म्हणायची, "जमून राह्यलं, जमून राह्यलं!" काय जमत होतं? डोंबल! मला ते बघवेना. एका दुपारी ती पाण्याला गेली तशी मी टोपली ओढून घेतली आणि दहा मिनिटांत सगळ्या शेंगा सोलून टाकल्या. आई परतली, सोललेल्या दाण्यांनी भरलेलं ताट पाहून दारातच थांबली. "मले सोलता येत नाई का?" ती ओरडली. "भाजीसाठी ठेवत होती का मी टोपली? आता आज त्यायनं काय करावं?" मी मान खाली घातली, तेव्हा बाबांची उजवी मूठ दिसली. एक शेंग त्यांनी मला घेऊच दिली नव्हती. दातओठ खात ते ती अंगठ्याने दाबत होते. ऊन कलल्यावर ती फुटली. तीन दाणे निघाले. ते त्यांनी आईच्या हातावर ठेवले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि आज वाटतं, बरोबरच केलं.