महावीरदाजींच्या घरगाडीचे मुक्काम

आष्ट्यात एक गोष्ट बरीच वर्षं दबक्या आवाजात सांगितली जायची. महावीरअण्णांच्या मधल्या खोलीत जमिनीखाली गुप्तधन आहे आणि ते राखायला म्हणून त्या खोलीत रात्रभर दिवा जळतो. सांगणारा आवाज इतका खाली आणायचा की ऐकणाऱ्याला खुर्ची पुढं ओढावी लागे, आणि मग पलीकडचे चौघेही आपापल्या खुर्च्या पुढं ओढत. कुणी म्हणे एक हंडा आहे, कुणी म्हणे दोन. हंड्यावर नाग बसलाय असं सांगणारा एक जण होता, पण तो सगळ्याच गोष्टींत नाग घालायचा, म्हणून त्याचं सोडून देऊ.

पुरावाही होता. दिवा खरोखरच जळायचा. पहाटे डेअरीला दूध घालायला जाणाऱ्यांनी तो खिडकीच्या फटीतून पाहिलेला. शिवाय अण्णा परगावी कधी वस्तीला राहत नसत. निपाणीला लेकीच्या घरी बारसं असो की सांगलीत पाहुण्यांचं लग्न, जेवण उरकलं की हे उठले. "मोटर चालू करायची हाय, लाईट रातची हाय," एवढं म्हणायचं आणि अंधार पडायच्या आत आष्टा गाठायचं. शेताला वीज रात्रीची मिळते हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही, त्यामुळं त्यांना कुणी अडवत नसे. पण ज्या आठवड्यात वीज दिवसाची असते त्या आठवड्यातही अण्णांची मोटर रात्रीचीच राहिलेली असते, हे हळूहळू लोकांच्या ध्यानात आलं. लोकांना दुसरं काम काय?

हे अण्णा माझे दाजी. त्यांची बायको चंदनबाला माझी चुलत बहीण. त्यांची चेष्टा करायचा परवाना मला लग्नाच्या मांडवातच मिळाला आणि मी त्याची मुदत कधी संपू दिली नाही.

माणूस भित्रा म्हणावा असा मुळीच नाही. ऊस आणि हळद करतात, ट्रॅक्टर स्वतः चालवतात, आणि आवाज असा की यांनी बांधावरून हाक मारली की चार रानं पलीकडचा बैल मान वर करतो. शेतात साप निघाला तर मारू देत नाहीत. काठीवर उचलून पोत्यात घालतात आणि ओढ्याला सोडून येतात. एकदा एका साहेबानं यांना अर्धा दिवस बाकावर बसवून ठेवलं, तर दाजींनी त्याच्याच टेबलावर डबा उघडला आणि दिवस मावळतीला आलाय, आता मला जेवलं पाहिजे, असं सांगून निवांत जेवायला सुरुवात केली. साहेब पाण्याचा ग्लास घेऊन आला.

तर यंदाच्या थंडीत दाजींच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. त्यांचा मुलगा आर्जव पुण्याला असतो. त्यानं आईवडिलांसाठी आठवडाभर एक मोटरहोम भाड्यानं घेतलं आणि दारात आणून उभं केलं. आत पलंग, शेगडी, भांडी धुवायची मोरी, पाण्याची टाकी, कपाटाएवढा संडास, आणि सगळ्या खिडक्यांना जाड पडदे. पोरगा म्हणाला, बाबा, रस्ता तुम्ही ठरवा, मुक्काम तुम्ही ठरवा, आणि तो पुण्याला निघून गेला. दाजींनी त्या गाडीचं नाव घरगाडी ठेवलं. गावानं पडदे पाहिले आणि निकाल लावला: हंडा हलवणार.

दाजींची मात्र पंचाईत झाली. आजवर वस्तीला न राहायला त्यांच्याकडं मोटरीशिवाय आणखी एक भक्कम कारण होतं. दिवस मावळल्यावर जेवायचं नाही, पाणी गाळून प्यायचं, कांदा-लसूण-बटाटा चालत नाही. परक्याच्या घरी कशाला त्रास? हे कारण ऐकून यजमानच हात जोडायचे. आता शेगडी आपली, गाळणं आपलं, वेळ आपली. कारण चाकाखाली गेलं.

आणि चंदनबालानं नेमका तोच मुहूर्त साधला. तिनं एकच अट घातली. बाकीचे मुक्काम कुठंही करा, पण शेवटची रात्र तात्याबाच्या माळावर काढायची.

तात्याबा माणदेशातला मेंढपाळ. म्हसवडच्या अलीकडं त्याची वस्ती. उसाचं रान मोकळं झालं की दरसाल त्याची मेंढरं दाजींच्या रानात बसायची. लेंडीखत रानाला, ज्वारी तात्याबाला, असा जुना व्यवहार. निघताना तात्याबा न चुकता म्हणायचा, आण्णा, आमी तुमच्या रानात जनम काढला, तुमी आमच्यात एक रात काढा. दाजी न चुकता म्हणायचे, येतो की. तात्याबाची बायको भामाबाई चंदनबालाजवळ बसून तिकडच्या आभाळाचं सांगायची: आवं वैनी, चांदण्या एवढ्या की झोप लागत न्हाई. चंदनबालाच्या मनात ते आभाळ तेव्हापासून बसलेलं. आता तात्याबाचे गुडघे गेले, मेंढरं विकली, आणि त्याच्या मुलानं, मल्हारनं, त्याच माळावर तंबू ठोकून कॅम्पची जागा केली. तिथं शहरातली माणसं दुर्बिणी घेऊन अंधार बघायला येतात आणि त्याचे पैसे मोजतात. तात्याबाला हे अजून खरं वाटत नाही.

अट ऐकून दाजींनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, बघू. रस्त्याचं आधी ठरवू.

आणि ठरवणं सुरू झालं. आर्जवनं मुक्कामाच्या जागा फोनवर पाठवल्या होत्या, एकाहून एक देखण्या. दाजींनी एकेक मोडीत काढली. तलावाकाठी डास. डोंगरापाशी तर नकोच, मावळतीला डोंगर म्हणजे सूर्य लवकर आड जाणार, मग जेवायचं कधी? चंदनबाला म्हणाली, डोंगराआड गेला म्हणजे मावळला का? यावर नवरा-बायकोचा असा वाद रंगला की मलाही एकदा मध्ये घेतलं. मी दोघांच्याही बाजूनं बोललो, त्यामुळं वाद वाढला आणि मला दुसऱ्यांदा चहा मिळाला.

शेवटी दाजी म्हणाले, कागदावर काय कळतंय, मी जागा डोळ्यांनी बघून येतो. आणि मोटरसायकल काढून ते जागा बघायला जायला लागले. आता मुक्कामाची जागा बघायला माणूस सकाळी जातो. पाणी बघतो, सावली बघतो. दाजी जायचे संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळेला. तिथं पाच मिनिटं उभं राहायचं, मान वर करून बघायचं, आणि गाडीचा दिवा लावून भरधाव परत. मी विचारलं, "दाजी, मान वर करून काय बघता? पाणी खाली असतंय."

"तुमाला काय कळतंय त्यातलं, पाव्हणं," ते म्हणाले.

आठवड्यातले दोन-तीन दिवस यातच गेले. मुक्काम ठरले, आणि चंदनबालाला ते जागेवर गेल्यावर कळले. पहिला मलकापूरजवळ हायवेच्या कडेला, पेट्रोल पंपावर. रात्रभर ट्रक हॉर्न वाजवत होते. दुसरा रहिमतपुरात, हायमास्ट दिव्याच्या बरोबर खाली. तिथं एवढा लख्ख उजेड की चंदनबालानं पडदे लावूनही गव्हातले खडे निवडले असते. शिवाय संध्याकाळी तिनं गाडीत चहा टाकला, तर वास येऊन बाहेर चार माणसं उभी राहिली आणि वडापाव कितीला म्हणून विचारू लागली. दाजींना ती गर्दी एवढी आवडली की त्यांनी सगळ्यांना फुकट चहा पाजला. तिसरा मुक्काम एका साखर कारखान्याच्या आवारात. गळीत हंगाम चालू, रात्रंदिवस दिवे, मळीचा वास, आणि उसाच्या ट्रॅक्टरवर मोठ्यांदा लावलेली गाणी. दाजी तिथं बाळासारखे झोपले.

सकाळी चंदनबाला म्हणाली, आवं, आपण घर घेऊन हिंडतोय का दुकान?

दाजी हसले नाहीत, कारण आज चौथा दिवस होता.

त्या दिवशी घरगाडीला काय काय झालं म्हणून सांगू. चाकात हवा कमी वाटली, ती भरली. मग जास्त वाटली, ती काढली. दहिवडीत थांबून दाजींनी वर्षभर पुरतील एवढे मेणबत्तीचे पुडे घेतले आणि तात्याबाला भेट म्हणून घेतलेत असं सांगितलं. फाट्यावर म्हणाले, पुढचा रस्ता लय खराब हाय म्हणं. रस्ता नवा केलेला होता, काळाकुळकुळीत. चंदनबाला समोर बघत मांडीवर हात ठेवून बसली होती. तिला ठाऊक होतं की ही रात्र आज झाली नाही तर कधीच व्हायची नाही. आर्जव काही दरवर्षी गाडी पाठवणार नव्हता, आणि तात्याबा काही दरवर्षी बोलवायला उरणार नव्हता.

माळावर पोचले तेव्हा ऊन अजून होतं. भामाबाईनं बाजरीच्या भाकरी आणि हुलग्याची आमटी लवकर करून ठेवली होती, कांदा-लसूण न घालता. या दोघांचं काय चालतं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तात्याबा काठी टेकत पुढं आला आणि दाजींचा हात हातात घेऊन तसाच उभा राहिला. जेवणं झाली. मग मल्हारनं सगळ्या पाहुण्यांना नियम सांगितला, तसा दाजींनाही सांगितला: अंधार पडला की एकही दिवा नाही, मोबाईल नाही, बॅटरी नाही. एक दिवा लागला तरी आभाळ फिकं पडतं. मेणबत्त्यांचे पुडे त्यानं हसत हसत आत नेऊन ठेवले.

सूर्य टेकला. दाजी उठले.

"तात्याबा, निघतो गड्या. मोटर चालू करायची ऱ्हायली. लाईट रातची हाय."

तात्याबाचं तोंड एवढंसं झालं, पण शेतीचं कारण, तो अडवणार कसा? दाजींनी चंदनबालाकडं पाहिलं. चाळीस वर्षं या वाक्याला ती पदर सावरून उठायची. त्या दिवशी ती घोंगड्यावर बसूनच राहिली.

"जावा तुमी," ती म्हणाली. "मी ऱ्हाते."

"एकटी?"

"भामाबाई हाय. तात्याबा हाय. चांदण्या हायत."

दाजी गाडीत जाऊन बसले. किल्ली फिरवली, पुढचे दिवे लावले, आणि सगळा माळ ढळढळीत उजळला. पुण्याहून आलेल्या दुर्बिणीवाल्यांनी एकच गलका केला की बंद करा, बंद करा. दाजींनी दिवे बंद केले. आता दिव्यांशिवाय गाडी हलेना, आणि बाहेरचे काय, आतले दिवे लावावेत तरी पुण्याची माणसं अंगावर येणार. अंधार पडत गेला. माळावर दुसरा आवाज नव्हता. मग गाडीतून एक आवाज आला, त्यांच्या नेहमीच्या आवाजाच्या पाव भाग.

"चंदे, हाईस का?"

"हाय."

थोड्या वेळानं पुन्हा. "चंदे?"

"हाय की. हितं या, घोंगड्यावर. पायऱ्या दोनच हायत, उतरा."

ते कसे उतरले ते चंदनबालानं मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी प्रत्येक गोष्ट विचारतो असा माझा लौकिक आहे, पण ही एक सोडली. घोंगड्याशी आल्यावर त्यांनी तिचं मनगट धरलं आणि म्हणाले, "बोलत ऱ्हा."

आणि चंदनबाला बोलत राहिली. आमच्या घराण्यात बोलणं कुणाला शिकवावं लागत नाही. आभाळाकडं तोंड करून तिनं आष्ट्यातली एकेक भानगड काढली: कुणाची सोयरीक का मोडली, कुणाच्या बांधावरचं झाड कुणी रातोरात हलवलं, तलाठ्याच्या मेव्हणीनं लग्नाच्या दिवशी काय केलं. सुरुवातीला पुण्याच्या लोकांनी शुक् शुक् केलं. मग ते गप्प झाले. मग त्यातल्या दोघांनी आपल्या सतरंज्या जवळ ओढल्या. तिचा आवाज थांबला की दाजी म्हणायचे, मग फुडं? पहाटेकडं ते विचारायचे थांबले. ते झोपले होते. तेव्हा ती गप्प झाली आणि तिनं ते आभाळ एकटीनं, पोटभर पाहिलं. तिचं मनगट तेवढं सुटलेलं नव्हतं.

सकाळी पुण्याची एक बाई दुर्बीण गळ्यात तशीच अडकवून चंदनबालाच्या मागं मागं फिरत होती. तिला तलाठ्याच्या मेव्हणीचं पुढं काय झालं ते हवं होतं. तात्याबानं निघताना नेहमीचं वाक्य म्हटलं नाही. म्हणाला, आण्णा, फिटलं.

घरगाडी आष्ट्याला परत आली तोवर गावानं पुढची गोष्ट तयार ठेवली होती: हंडा म्हसवडच्या माळावर पुरला. मी दाजींना ती तिखटमीठ लावून ऐकवली. ते इतके हसले की चहा सांडला, आणि मग त्यांनी आपण होऊन मला खरं काय ते सांगितलं. वर म्हणाले, पाव्हणं, तुमाला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलंच, तर नीट सांगा, नाग घालू नका.

म्हणून नीट सांगतो. मधल्या खोलीत जमिनीखाली काही नाही. महावीरअण्णा सहा-सात वर्षांचे असताना हरिपुरात आत्याकडं गेले होते, तिथं हळद साठवायला जमिनीत खणलेल्या एका रिकाम्या पेवात पडले, आणि सकाळपर्यंत कुणाला सापडले नाहीत. तेव्हापासून त्यांना अंधाराची भीती वाटते.