अर्जाचं दुसरं पान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्याच्यासोबत रोज चहा घेतो त्या दोस्तालाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल. ओळखत असतात तर मी आताही भेंडीच्या भावावर बोलत बसलो असतो.

भावावरूनच सुरुवात करतो. मेडशीच्या बाजूला आमचं गाव, घरोघरी भाजीपाला. रोज पहाटे मी बाजारातल्या अडत्याला फोन लावतो, हर्रासात, म्हणजे लिलावात, काय भाव निघाला ते विचारतो आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. वांगी, भेंडी, टमाटे, सांबार — कोथिंबिरीला आम्ही सांबारच म्हणतो. ग्रुपचा ॲडमिन मीच. माल आज तोडायचा की उद्या, हे लोक माझा मेसेज पाहून ठरवतात. एकदा भेंडीचा भाव चुकून जास्त पडला, तर पंधरा मिनिटांत मी दुरुस्ती टाकली आणि सगळ्यांची माफी मागितली. तेव्हापासून गावात म्हणतात, गजाननने टाकलं म्हणजे पक्कं. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही — पुढे लागणार आहे, म्हणून सांगतो.

वत्सलाकाकूचं वावर माझ्या धुऱ्याला लागून आहे. काकू साठीची, बोलायला फटकळ, मनात काही न ठेवणारी. हायवेच्या फाट्यावर एसटी थांबते, तिथं गावातल्या बाया टोपली घेऊन बसतात. काकूही बसायची, माझी बायको सुनीताही बसते. एका दुपारी एक ट्रक रस्ता सोडून दोन टोपल्यांवरून गेला. टोपलीमागची बाई उडी मारून वाचली. त्या संध्याकाळी काकू आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, पंचायतीला अर्ज द्यायचा. तिला सहीपुरतं लिहिता येतं. ती सांगत गेली, मी शब्द घातले, आणि तालुक्याला जाऊन टाइप करून आणलं.

दोन पानं झाली. पहिल्या पानावर वर अर्जदार म्हणून काकूचं नाव. खाली मजकूर — फाट्यावर भाजी विकणाऱ्यांमुळे रहदारीला अडथळा होतो, अपघाताचा धोका आहे, तरी सर्व विक्रेत्यांना तिथून हलवण्यात यावे. दुसऱ्या पानावर — मात्र त्याआधी पंचायतीच्या मोकळ्या जागेत त्यांना शेड बांधून द्यावे, नळ द्यावा, बायांसाठी संडास बांधावा. त्याखाली काकूची सही. मूळ अर्ज तिने पंचायतीत दिला, पोच घ्यायची राहून गेली. झेरॉक्स माझ्याकडे राहिली.

आलं का लक्षात? नसेल आलं तर बरंच. कारण मला ते फार लवकर लक्षात आलं होतं.

वर्षभराने पंचायतीची निवडणूक लागली. आमच्या वॉर्डातली जागा बाईसाठी राखीव निघाली. मी मनात धरून बसलो होतो की लोक सुनीताचं नाव घेतील. सुनीताचं म्हणजे माझंच — कशाला लपवू? रोज भाव कोण टाकतं? पण मारुतीच्या पारावर बैठक झाली आणि कुणीतरी काकूचं नाव घेतलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. घरी येऊन सुनीताला सांगितलं, तर ती म्हणाली, बरं झालं, मले नव्हतंच उभं राह्याचं. मला राग आला तो तिचाही आला.

कुणी मला पैसे दिले नव्हते. कुणाचा दबाव नव्हता. समोरच्या उमेदवाराशी माझं साधं बोलणंही नव्हतं. हे सगळं मी यासाठी सांगतो, की कारण शोधायला तुम्हाला दुसरीकडे जावं लागू नये.

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी मी भाव टाकले. आणि त्याच्या खाली एक फोटो टाकला. अर्जाचं पहिलं पान. सोबत एक ओळ — आलं तसं पाठवलं, खरं-खोटं तुम्ही ठरवा.

आलं कुठून? माझ्याच पेटीतून. खरं-खोटं ठरवायला लोकांच्या हातात काय होतं? अर्धा अर्ज. त्यात एक शब्दही खोटा नव्हता, हे मी कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिलो. त्या पानावर सही का नाही, हे ग्रुपवर एकानेही विचारलं नाही. कशाला विचारतील? भावाच्या खाली आलं होतं, गजाननने टाकलं होतं. दुपारपर्यंत तो फोटो प्रत्येक फोनमध्ये होता. ॲडमिन म्हणून मी एका बोटाने तो काढू शकलो असतो. मी फोन चार्जिंगला लावला आणि वांग्याला पाणी द्यायला गेलो.

संध्याकाळी काकू बांधावर आली. मला वाटलं, कळलं हिला. पण तिला वाटत होतं, विरोधकांनी पंचायतीतून कागद काढून पसरवला आणि तो फिरत फिरत माझ्याकडे आला.

"गजानन, तुह्याजवळ दुसरं पान असंन का रे? पंचायतीत कोनाले टाइम नाई शोधाले. असंन तं दे, मी आत्ताच घरोघरी दाखवून येतो."

मी म्हणालो, "नाही काकू. एकच प्रत होती."

ती म्हणाली, "असू दे. तू तरी कायले ठेवशीन." आणि मेथीची एक जुडी माझ्या हातात देऊन गेली.

फोटोबद्दल मी कधीतरी स्वतःला माफ करेन असं पूर्वी वाटायचं — रागात होतो, एका बोटाचं काम होतं. पण ही पाच शब्दांची थाप मी शांतपणे, तिच्या डोळ्यांत बघून मारली. मग ते काय होतं?

काकू निवडणुकीत पडली. त्याचं तिला फारसं वाटलं नाही असं ती म्हणते. पण फाट्यावर बायांनी तिच्याजवळची आपली टोपली उचलून पलीकडे मांडली. जिने आपल्याला उठवायला अर्ज दिला, तिच्याशेजारी कोण बसणार? आठवडाभर ती एकटी बसली, मग येईनाशी झाली. आता तिचा माल ऑटोने हर्रासाला जातो. शेडचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. सुनीता अजून रस्त्याच्या कडेलाच बसते, ट्रक आला की पाय आत घेते.

आता पुन्हा निवडणूक आली आहे. मागच्या आठवड्यात शाळेत मतदार जागृतीचा कार्यक्रम झाला. मोबाइलवरच्या खोट्या मेसेजांविषयी गावातल्या कुणीतरी बोलावं, असं ठरलं. कुणाचं नाव आलं असेल? मी उभा राहिलो. म्हणालो, अर्धी गोष्ट पूर्ण खोट्यापेक्षा वाईट असते, तपासल्याशिवाय काही पुढं पाठवू नका. टाळ्या पडल्या. काकू पहिल्या रांगेत सतरंजीवर बसली होती.

निघताना ती जवळ आली. म्हणाली, "चांगलं बोलला गजानन. तवा कोनी असं सांगतलं असतं तं..."

घरी येऊन मी पेटी उघडली. दुसरं पान तिथंच आहे. खाली काकूची सही — एकेक अक्षर दाबून, सावकाश काढलेलं. मी ते पाहिलं, घडी घातली आणि परत ठेवलं.

आज सकाळी भाव टाकले. ग्रुपवर सगळ्यात आधी रोजच्यासारखे जोडलेले हात आले. ते वत्सलाकाकूचे होते.