पोट फाडून काढलेला पायाळू

पायाळू माणसाच्या दारात दोन गोष्टी न बोलावता जमतात. दुखऱ्या कमरा आणि किस्से. कमरा चार दिवसांत बऱ्या होतात, नाहीतर डॉक्टरकडे जातात. किस्से मात्र आमच्याच ओटीवर ठाण मांडून बसतात, उठायचं नाव घेत नाहीत!

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोकं न काढता पाय आधी काढले. अशा माणसाला आमच्याकडे मान फार. उसण भरली की पायाळूची लाथ कमरेला लावून घ्यायची. जमिनीखालचं पाणीही म्हणे पायाळूला कळतं. शाळेत मी गेले नाही. पूर्णगडच्या स्टॉपवर उभी राहून एसटीच्या पाट्यांवरून अक्षरं शिकले. 'रत्नागिरी'तला र सापडला आणि मग काही सोडलं नाही. आता औषधाच्या खोक्यातला बारीक कागदसुद्धा मी शेवटपर्यंत वाचते. त्यामुळे म्हातारीला काय कळतं, असं मनात आलं असेल तर इथेच थांबा.

आत्ता हे लिहायचं कारण माझी नात मनाली. लेकाची मुलगी. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. नववा लागला आणि सोनोग्राफीत दिसलं, बाळ उलटं आहे. डोकं वर, बूड खाली. खालून होऊ द्यायचं की सिझेरियन, एवढंच ठरवायचं होतं. ठरवायला माणसं कमी नव्हती!

*

आधी लाथेचं सांगते. मिरकरवाड्याचा एक तांडेल, मासेमारी बोटीचा म्होरक्या, एकदा आला. ट्रॉलरवर बर्फाची खोकी उचलताना कमर धरलेली. माणूस केवढा, तर आमच्या अंगणात पालथा पडला आणि तुळशीला जायला वाट उरली नाही.

मी पाय उचलला तर ओरडतो, "आजी, जरा हळू!"

म्हटलं, "मेल्या, लाथ आहे ती, आशीर्वाद नाही!"

तीन लाथा खाल्ल्या, नारळ ठेवला, वाकडाच चालत गेला. दुसऱ्या आठवड्यात कळलं, मणका सरकला होता, ऑपरेशन झालं. मला वाटलं, आता तरी लोकांचे डोळे उघडतील. छे! तांडेल सगळीकडे सांगत सुटला, "आजीचा गुण आहेच. पण त्या दिवशी तिनं डावा पाय लावला."

पायाळू कधी चुकत नाही. पाय चुकतो!

*

माझ्या जन्माची गोष्ट गावात अजून कौतुकानं सांगतात. त्या गोष्टीत आये नसते.

पाय आले, कमर आली आणि डोकं अडकलं. सुईणीनं ओढलं. मी निघाले, आये आतून फाटली. त्या दिवसापासून तिला लघवी धरता आली नाही. मरेपर्यंत.

पायाळू पोर बघायला माणसं लोटली. कुणी झबलं आणलं, कुणी माझा तळवा आपल्या कमरेला लावून घेतला. आणि परत जाताना मागच्या पडवीवरून गेली की नाकाला पदर. पडवीत आये असायची. तिचं अंथरूण तिथे, ताट तिथे. सणावारी स्वयंपाकघरात तिला पाऊल टाकू देत नसत.

आजोबा येईल त्याला सांगायचे, "पोर नशीब घेऊन आली!"

आये एकदाच बोलली, आणि तेही मला. "कोणाचं घेऊन आलीस गो?"

फार वर्षांनी एका पेपरात मी वाचलं की या दुखण्यावर ऑपरेशन असतं. बाया बऱ्या होतात, घरात वावरतात. आये जाऊन तेव्हा जमाना झाला होता. तो पेपर मी चुलीत घातला.

*

पायाळूवर वीज पडते, हीसुद्धा एक समजूत. म्हणून लहानपणी गडगडायला लागलं की आजी मला उंबऱ्याच्या आत ओढायची. लग्नानंतर हे माझ्या नवऱ्याला कोणीतरी सांगितलं.

आमचं भांडण झालं आणि बाहेर आभाळ वाजायला लागलं, की तो शांतपणे म्हणायचा, "वत्सला, दोरीवरचे कपडे काढून आण!"

मी जायची! सावकाश, एकेक चिमटा काढत. तो खिडकीत उभा राहून बघायचा. वीज काही पडली नाही. माणूस वाईट नव्हता हो. पण प्रत्येक वेळी तो खिडकीत यायचा, हे मी विसरले नाही.

*

आमच्या शेजारची हमीदा माझ्याच वयाची. तिचं तिसरं मूल उलटं होतं. नवरा तेव्हा आखातात, जहाजावर. घरात फोन नव्हता, बाजारातल्या बूथवर जायला लागायचं.

तिला रत्नागिरीला नेलं. डॉक्टर म्हणाले, कळा नीट नाहीत, मूल मोठं आहे, सिझर करूया. हमीदाची सासू खुर्चीत बसून राहिली. "माझ्या लेकाला विचारल्याबिगर सुनेचं पोट फाडू देणार नाही."

दीर बूथवर पळाला. जहाजाच्या हापिसाचा नंबर, तिथून दुसरा नंबर, तिथला माणूस म्हणतो ड्युटी संपल्यावर निरोप देतो. इकडे मुलाचं अंग बाहेर आलं. डोकं राहिलं.

नवऱ्याचा फोन आला तेव्हा मुलाला कापडात गुंडाळून झालं होतं. तो बिचारा तिकडून ओरडून सांगत होता, "हो म्हणा, हो म्हणा! काय लागेल ते करा!"

हमीदा आजही हे हसत सांगते. मला ते हसणं बघवत नाही. "वत्सू, माझ्या नवऱ्याचा 'हो' आला गो. पण जहाजानं आला!"

*

आता मनालीकडे येते. तिचे सासरे, आबा, आतल्या गावचे. पाणाडी माणूस. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून चालतात आणि विहीर कुठे खणायची ते सांगतात. घरात पायाळू नातू आला तर धंद्याचं सोनं होईल, असा त्यांचा हिशेब. त्यामुळे बाळ उलटं आहे म्हटल्यावर आमच्या घरात रडारड आणि त्यांच्या घरात पेढे!

"पण खालून झालं पाहिजे," आबा म्हणाले. "पोट फाडून काढलेला पायाळू कसला? पाय आधी भुईला लागायला हवेत."

म्हटलं, "आबा, पाय भुईला लागत नाहीत, सुईणीच्या मांडीला लागतात. आणि पाण्याचं म्हणाल तर मला विचारा."

कारण साखरपुड्याच्या वेळी याच आबांनी मला त्यांच्या कातळावर अनवाणी फिरवलं होतं. भर दुपारी. म्हणे आजी, पाय कुठे शिवशिवतो ते सांगा. एका जागी पाय शिवशिवला. मी म्हटलं, इथे. आबांनी तिथे बोअर मारला. नुसती लाल धूळ!

शिवशिवणार नाही तर काय? कातळ तव्यासारखा तापला होता!

आबा यावर काय म्हणाले असतील? "आजी, तुमचं वय झालं. म्हणून नवीन पाहिजे."

*

मनालीच्या सासूचं मात्र वेगळं. तिला बाळ सरळ व्हायला हवं होतं. ती आमच्याकडे राहायला आली आणि मनालीच्या ओटीपोटाशी मोबाईल धरून गणपतीची आरती लावायला लागली. बाळ आवाजाकडे डोकं वळवेल म्हणे! दुसऱ्या दिवशी आबा आले आणि त्यांनी मोबाईल उचलून मनालीच्या बरगडीशी ठेवला. डोकं आहे तिथेच राहू दे!

दिवसभर हा वर, ती खाली. मनाली मध्ये आडवी, छताकडे बघत.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात दोन्ही हातांनी पोटावरून बाळ फिरवून बघितलं. सोनोग्राफी चालू, मनालीचे दात आवळलेले. फिरलं! आम्ही पेढ्यांचा विचार करतोय तोवर पुढच्या तपासणीत बाळ पुन्हा होतं तस्सं.

मनालीचा नवरा निलेश मुंबईला. येतो म्हणायचा आणि यायचा नाही. मी म्हटलं, "बापावर गेलंय. सांगितलं तिथे राहत नाही!"

सगळे हसले. मनालीनं कूस बदलली.

*

डॉक्टरीणबाई तरुण. पण खोटं बोलणारी नाही. मी तिला सरळ विचारलं, "खालून होतच नाही का उलटं मूल? मी झालेच ना?"

ती म्हणाली, "होतं, आजी. पुष्कळ नीट होतात. पण मूल बेताचं हवं, पाय कसे आहेत ते बघावं लागतं, आणि अशी बाळंतपणं केलेला हात लागतो. कधी थांबायचं, कधी हात लावायचा नाही, हे त्या हाताला माहीत असतं. शिवाय शेजारी थिएटर तयार. माझ्याकडे थिएटर आहे."

"आणि हात?"

"तो रिटायर झाला."

सिझरचंही तिनं गोड करून सांगितलं नाही. रक्त जातं, टाके दुखतात, पुढच्या खेपेला तो वण सांभाळावा लागतो. मी घरी आले आणि सगळ्यांना ठणकावून सांगितलं, सिझर! माझ्या आयेची पडवी मी पुन्हा या घरात होऊ देणार नाही. आबा नाही म्हणाले. मी हो म्हणाले. दोन दिवस आमच्या ओटीवर एवढा आवाज होता की हमीदा कुंपणावरून विचारायची, "आज कोण जिंकलं?"

*

सिझर झालं. मुलगी झाली, आवाज खणखणीत. आबांचा मला फोन आला. बाळ कसं आहे, विचारलं नाही. सून कशी आहे, विचारलं नाही. मुलगा की मुलगी, तेही नाही.

"आजी, आधी काय बाहेर आलं?"

आता डॉक्टरीणबाईंनी मला सगळं सांगितलं होतं. पोरीचे पाय वर तोंडाशी दुमडलेले होते.

मी म्हटलं, "ढुंगण!"

फोन बंद.

मनालीचे टाके पिकले. ताप आला, पुन्हा दवाखान्यात राहावं लागलं. पोरीला उचलून घेता येत नव्हतं, मीच तिच्या छातीशी धरायची. बारशाला आबा आले, पाळण्याजवळ नारळ ठेवला, जेवले आणि गेले. मनालीला कधी नेणार, हा विषय निघाला नाही. सासू जाताना तिच्या केसांवरून हात फिरवून गेली.

निलेशचा फोन येतो. "बरी आहेस ना?" "बरी आहे." संपलं.

पोरगी आता पालथी पडायला लागली आहे. मनाली अजून आमच्याकडेच आहे.

*

सगळ्यात भारी किस्सा मी शेवटाला ठेवलाय. ऑपरेशनच्या आधीचा. डॉक्टरीणबाईंच्या केबिनमधला.

काय ते आजच ठरवा, म्हणून तिनं आम्हाला बोलावलं होतं. मनाली टेबलासमोरच्या खुर्चीत. तिच्या एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला मी. सासू भिंतीला टेकून. निलेश मोबाईलवर, व्हिडिओत, मोबाईल टेबलावरच्या पेनस्टँडला टेकवलेला. तो मधूनमधून म्हणत होता, "आवाज येत नाहीये, कोण काय म्हणालं?"

आबा म्हणाले, "आमच्या घराण्याचा प्रश्न आहे."

मी म्हटलं, "आमच्या पोरीच्या जिवाचा आहे!"

"तुम्ही स्वतः पायाळू, आणि असं बोलता?"

"म्हणूनच बोलते!" आणि मी टेबलावर हात आपटला. निलेश पालथा पडला.

सासू म्हणाली, "अजून एकदा फिरवून बघता येणार नाही का हो?"

टेबलावरून निलेशचा आवाज आला, "मला काहीच दिसत नाहीये!"

आबा उठून उभे राहिले, म्हणून मीही उठले. दोघंही एकदम बोलायला लागलो, मनालीच्या डोक्यावरून. बाहेरच्या नर्सनं दार उघडून बघितलं आणि पुन्हा ओढून घेतलं.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "सगळे बसा आधी. एक अक्षर बोलू नका. आजी, तुम्हीसुद्धा!"

आम्ही बसलो.

मग ती समोर वाकली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बोल. तुझं काय म्हणणं आहे?"

मनालीनं खुर्चीचा हात धरून, पोट सांभाळत, मान वळवली आणि मागं बघितलं, डॉक्टर कोणाशी बोलतायत ते.

मागं नुसतं दार होतं.