काकूंची पांढरी बादली

आमच्या लॅबमध्ये महिन्यातल्या एका शुक्रवारी कुणीतरी घरी केलेली बिअर आणतं. लॅब सूक्ष्मजीवांची, त्यामुळे यीस्ट सांभाळणं हा तिथे अभ्यासही असतो आणि गंमतही. एप्रिलमध्ये माझी पाळी ठरली. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. कुठली गोष्ट विचारायची आणि कुठली सगळ्यांना आधीपासूनच माहीत असते, हे मला अजून नीट कळत नाही. म्हणून मी बिअरची चवही घेतलेली नाही, हे सांगायचं राहून गेलं. लॅबमधल्या एका मुलाने माल्टचा पाक, हॉप्सची वाळलेली कडू फुलं आणि यीस्टची पुडी माझ्या हातात दिली.

"भांडं कुठलं घेऊ?" मी विचारलं.

"कुठलीही बादली चालेल," तो म्हणाला.

कुठलीही म्हणजे कुठली, हे शोधण्यात माझा आठवडा गेला. बादली खाण्याच्या पदार्थांसाठीच्या प्लास्टिकची हवी, तळाशी त्रिकोणात दोनचा आकडा असला तर उत्तम. आत ओरखडे नकोत, त्यांत जंतू लपून बसतात. फेस वर येतो, म्हणून वीतभर जागा रिकामी हवी. आणि प्लास्टिक वास धरून ठेवतं, म्हणून बादली आधी हुंगून बघायची. मी हे सगळं वहीत उतरवलं आणि हार्डवेअरच्या दुकानात जाऊन एकेका बादलीत डोकं घातलं. चौथ्या बादलीत असताना मागून आवाज आला, "मॅडम, तुम्हाला बरं वाटतंय ना?" मी डोकं बाहेर न काढताच "हो" म्हणाले. तो "हो" बादलीत इतका घुमला की मी काहीच न घेता घरी आले.

घर म्हणजे डब्लिनमधल्या एका काकूंचं बेसमेंट. नात्याच्या नाहीत, पण आईने मला इतक्या लांब पाठवलं ते त्यांच्याच भरवशावर. त्या रविवारी आईशी व्हिडिओ कॉलवर बोलतात. "मुलगी सरळ आहे हो," एवढं त्यांनी म्हटलं की आईचा आठवडा छान जातो. बिअरचं आईला कळलं असतं तर पुढचे सगळे आठवडे गेले असते.

काकूंच्या गॅरेजमध्ये, फावड्याच्या मागे, मला ती दिसली. पांढरी, घट्ट झाकणाची, तळाशी दोनचा आकडा, आत एक ओरखडा नाही. मी हुंगलं. काही नाही. पुन्हा हुंगलं. अगदी स्वच्छ, घरासारखा वास.

"काकू, ही नेऊ का? प्रयोगाला हवीय."

"ने. पण घासणी लावू नकोस हं, चरे पडतात."

बिअरबद्दलचा इतका योग्य सल्ला मला लॅबमध्येही कुणी दिला नव्हता.

झाकणाला भोक पाडायला मात्र धीर होईना. शेवटी वहीवर "काकूंना नवीन झाकण आणणे" असं लिहिलं आणि पाडलं. त्यात पाणी भरलेली छोटी नळी बसवली, म्हणजे आतला वायू बाहेर येतो आणि बाहेरची हवा आत जात नाही. बादली कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी ती बोलायला लागली. बुडुक. बुडुक. हीटिंगच्या जाळीतून आवाज थेट वर स्वयंपाकघरात.

"काय गं, खाली कसला आवाज येतोय?" काकूंनी जिन्यावरून विचारलं. "प्लंबरला बोलवू का?"

"नको काकू! माझं पोट आहे ते."

का म्हणाले, देव जाणे. पण त्या दिवसापासून माझ्या ताटात मऊ भात आणि ताटाशेजारी ओव्याचं पाणी आलं. रविवारी आई स्क्रीनवरून माझी जीभ बघत होती. "इतकं वाजतं?" तिने काकूंना विचारलं. "वाजतं म्हणजे, मी वर पोळ्या लाटत असते आणि मला ऐकू येतं," काकू म्हणाल्या. आई रडायचीच बाकी होती. मी मुकाट्याने ओवा चावला.

मंगळवारी लॅबमधून आले तर काकू माझ्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसलेल्या.

"ये," त्या म्हणाल्या. "कॉलेजला जाताना पोट घरीच विसरलीस गं."

बुडुक, कपाट म्हणालं.

मी सगळं सांगितलं. वही दाखवली, बादल्यांच्या तक्त्यासकट. काकूंनी तक्ता शेवटपर्यंत वाचला, मग नळीजवळ नाक नेलं आणि डोळे मिटले.

"अगं, ही माझी गोड्या मसाल्याची बादली. दहा वर्षं मसाला भरतेय हिच्यात. तुला वास आला नाही?"

कसा येणार? त्या घरात उशीलासुद्धा गोड्या मसाल्याचा वास येतो. मी त्यातच राहत होते.

"आईला सांगणार?" मी विचारलं.

"बघू," त्या म्हणाल्या आणि वर गेल्या. तेवढ्यावर मी तीन आठवडे काढले.

दरम्यान बिअर बाटल्यांत भरली आणि ठरलेल्या शुक्रवारी लॅबमध्ये त्या उघडल्या. सगळ्यांनी आधी एकेक घोट घेतला. मग कुणीतरी विचारलं यात नक्की काय आहे, कुणीतरी दगडफूल हा शब्द तीनदा म्हणायचा प्रयत्न केला. सगळ्यांनी दुसरा ग्लास मागितला. मी एक घोट घेतला. आमटी थंड झाल्यावर तिला फेस आला तर ती अशीच लागेल.

बादली मी फडक्याने पुसून, नवीन झाकण लावून परत दिली. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, म्हणून आत संत्री ठेवली आणि, खूप विचार करून, एक बाटली. काकूंनी आत डोकावून पाहिलं. "आईने शिकवलंय तुला," एवढंच म्हणाल्या. बाटली फ्रिजमध्ये कढीपत्त्याच्या मागे गेली.

रविवारी आईचा कॉल. "पोट कसं आहे हिचं?"

माझ्या पोटात आता खरोखरच बुडुक झालं.

"अगदी बरं," काकू म्हणाल्या. "आणि ऐका, हिने माझ्या मसाल्याचं काहीतरी करून लॅबमध्ये नेलं. सगळ्यांनी परत मागून घेतलं!"

आईचा चेहरा उजळला. "काय केलंस गं? मलाही करून घाल की, आलीस की."

"करेल," काकू म्हणाल्या. "बादली मी देते."