भिंतीचा अर्धा मालक

"चूक. पण बोल."

आमच्या घरमालकांशी कुठलाही वाद असाच सुरू व्हायचा. 'चूक' म्हणताना ते डोळे मिटायचे आणि 'बोल' म्हणताना खुर्ची पुढे ओढायचे. मग समोरचा दमेपर्यंत त्याला बोलू द्यायचे. चूक ठरवलेल्या माणसाचं इतकं मन लावून ऐकणारा दुसरा कुणी मी पाहिलेला नाही. तुम्ही पाहिला असेल तर तुम्ही भाग्यवान.

जर्मनीत डार्मश्टाटला पीएचडीसाठी गेले तेव्हा त्यांच्या घरातली वरची खोली मला भाड्याने मिळाली. ते अमेरिकन. तरुणपणी तिथल्या अमेरिकन छावणीत गाड्या दुरुस्त करायला आले, चर्चमध्ये गाणाऱ्या एका जर्मन मुलीच्या प्रेमात पडले आणि तिथेच राहिले. ती मुलगी म्हणजे आमच्या मालकीणबाई. त्या एकही रविवार न चुकवणाऱ्या, आणि हे पक्के नास्तिक. चाळीस वर्षांच्या संसारात दोघांपैकी कुणी तसूभर हललं नव्हतं आणि दुसऱ्याला हलवायचा प्रयत्नही कुणी सोडला नव्हता.

रस्त्याकडच्या भिंतीवर चर्चची काचेची सूचनापेटी होती. तिला तिकडे शाउकास्टन म्हणतात. तिच्यात दर आठवड्याला बायबलमधलं एक नवं वचन लागायचं. जागा मालकीणबाईंनी दिलेली. पेटीच्या खाली मालकांनी स्वतः रंगवलेली पाटी होती: 'या भिंतीचा अर्धा मालक वरच्या मजकुराशी सहमत नाही.' ती वाचल्यापासून मी त्यांना मनातल्या मनात 'अर्धे मालक' म्हणू लागले. पुढे एकदा तोंडावरही म्हटलं आणि अर्थ सांगितला. त्यांना ते फार आवडलं.

"लग्न झालेल्या घराला पूर्ण मालक नसतोच," ते म्हणाले.

एका सकाळी पेटीच्या काचेवर कुणीतरी काळ्या रंगाने 'थापा' असं भलंमोठं लिहून गेलं होतं. मला वाटलं, चला, आज अर्ध्या मालकांची स्वारी खुशीत असणार. खाली जाऊन पाहते तर हे बादली घेऊन काच घासतायत आणि संतापाने कान लाल झालेत.

"तुमच्याच बाजूचा दिसतोय कुणीतरी," मी चेष्टेने म्हटलं.

"माझ्या बाजूचा माणूस खाली आपली पाटी लावेल. दुसऱ्याची झाकणार नाही." मग हात न थांबवता म्हणाले, "बघत काय उभी राहिलीस? ब्लेड आण."

देशावर त्यांचं प्रेम होतं आणि ते लपवायचं असतं हे त्यांना मान्य नव्हतं. दर चार जुलैला बाल्कनीत अमेरिकेचा झेंडा लावून, छातीवर हात ठेवून ते आपली शाळेतली प्रतिज्ञा म्हणायचे. मध्ये एका जागी थबकायचे आणि पुढे जायचे. तिथे देवाचा उल्लेख आहे. "मी पाठ केली तेव्हा ते शब्द नव्हते. नंतर घातले," ते म्हणायचे. आमच्या पाठ्यपुस्तकातल्या प्रतिज्ञेत देव नाही, असं मी सांगितलं तर त्यांनी मला ती तिथेच म्हणायला लावली. मराठीतलं अक्षरही कळत नसताना ती संपेपर्यंत ते ताठ उभे होते. परदेशात इतकं बरं मला क्वचितच वाटलं असेल.

इराकचं युद्ध सुरू झालं त्या वर्षी आमच्या गल्लीत शांततेचे सप्तरंगी झेंडे लागले. चार जुलैला आमच्याकडे नेहमीचा झेंडा लागला, तेव्हा शेजारचे निवृत्त मास्तर तो काढायची विनंती करायला आले. अर्ध्या मालकांनी स्वतः युद्धाविरुद्ध अमेरिकेतल्या आपल्या खासदाराला पत्र पाठवलं होतं. मास्तरांना त्यांनी ते सांगितलं नाही. "झेंडा देशाचा आहे, सरकारचा नाही," एवढंच बोलले, आणि कॉफी ओतता ओतता म्हणाले, "तुमचा मात्र काठीला गुंडाळला गेलाय. रस्त्यावरून काही दिसत नाही. शिडी आणू का?"

आणि खरंच शिडी लावून मास्तरांचा झेंडा सोडवून आले.

"पत्राचं का नाही सांगितलंत?" मी नंतर विचारलं.

"सांगितलं असतं तर त्यांनी झेंडा माफ केला असता. माफी कुणाला हवीय?"

माझी पीएचडी संपत आली त्या हिवाळ्यात त्यांच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशनच्या दिवशी साताऱ्यात माझी आई देव पाण्यात घालून बसली. मी त्यांना भीत भीत ते सांगितलं. देव पितळेचे की दगडाचे, पाणी किती, हे सगळं त्यांनी बारकाईने विचारून घेतलं.

"चूक," ते म्हणाले. "पण आईला माझे आभार कळव."

त्यानंतर त्यांना सात-आठ महिने मिळाले. एका दुपारी त्यांनी मला जवळ बसवलं. अंत्यविधी चर्चमध्ये होऊ दे, असं त्यांनी मालकीणबाईंना कबूल केलं होतं. "तेव्हा मी नसेन. ती असेल." अट एकच होती. चर्चच्या पास्टरबाईंचं बोलून झालं की कुणीतरी उठून सांगायचं: हा माणूस देव मानत नव्हता आणि शेवटपर्यंत त्याचं मत बदललं नाही. पास्टरबाई कबूल झाल्या होत्या. ते वाक्य मी म्हणायचं होतं.

"मी? मी रोज गणपतीला हात जोडते."

"म्हणूनच. न मानणारा उठला तर तो स्वतःचं सांगत बसेल. तू माझं सांगशील."

ते गेल्यावर मी आईला फोनवर हे सांगितलं. "अगं, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का?" ती म्हणाली. "तेही देवाच्या दारात?" मला आईची भीती नव्हती, मालकीणबाईंची होती. चाळीस वर्षं त्यांनी या माणसासाठी प्रार्थना केली होती. शेवटच्या क्षणी तरी त्याचं मन वळलं असेल, एवढीच आशा त्यांच्याकडे उरली असणार, आणि ती मी भर चर्चमध्ये काढून घ्यायची होती. 'शेवटपर्यंत' हा शब्द गाळला तर काय बिघडतं, असं मी दोन दिवस स्वतःला विचारत होते. विचारायला आता ते नव्हते.

चर्च भरलं होतं. पास्टरबाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी उठले, मनात गणपतीची क्षमा मागितली आणि ते वाक्य जर्मनमध्ये म्हटलं. 'शेवटपर्यंत' हा शब्दही गाळला नाही. मालकीणबाईंकडे बघायचं मला धाडस होईना.

"गेनाऊ," पहिल्या रांगेतून स्पष्ट आवाज आला. अगदी बरोबर.

त्याच होत्या. गालांवरून पाणी वाहत होतं आणि मान ताठ होती. त्यांनी हातातलं स्तोत्रांचं पुस्तक उघडलं, उभ्या राहिल्या आणि ऑर्गनची वाट न बघता खणखणीत आवाजात एकट्याच देवाचं गाणं म्हणायला लागल्या. तेव्हा कुठे मला रडू आलं.